काळी जमीन हलते

वैशाखातल्या एखाद्या दुपारी मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या भारी रानात जाऊन उभे राहा. कापूस निघालेला आहे, पऱ्हाट्या बांधाला रचलेल्या आहेत, रान उघडे पडले आहे आणि पायाखाली भेगाच भेगा आहेत. त्यातल्या एका भेगेत वाळलेली तुराटी सोडा. हातभर लांबीची तुराटी बघता बघता आत जाते आणि तळाला लागत नाही. हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि वर आग ओकणारे ऊन असताना बोटांना आत गारवा लागतो.

आता त्याच जागी श्रावणात या आणि ती भेग शोधा. सापडणार नाही. रान सलग आहे, काळेभोर आहे, आणि पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. मीटरभर खोल गेलेल्या त्या शेकडो भेगा गेल्या कुठे? वरून माती वाहून आली आणि त्या बुजल्या, असे म्हणावे तर पुढच्या वैशाखात पुन्हा तेवढ्याच रुंद भेगा हजर असतात.

उत्तर सोपे आहे आणि थक्क करणारे आहे. जमीन फुगली. एखादे ढेकूळ नव्हे, एखादा वाफा नव्हे, या बांधापासून त्या बांधापर्यंतचे अख्खे शेत फुगले. पाऊस सरला की ते पुन्हा आकसेल, फाटेल, खाली बसेल. ज्या गोष्टीला आपण स्थिर म्हणतो, जिच्यावर घरे बांधतो आणि सातबारे लिहितो, ती जमीन दरवर्षी वर-खाली होते आहे. काळ्या मातीचे शास्त्र म्हणजे या हालचालीचा मागोवा. पण शास्त्रज्ञांना तिथवर पोहोचायला वेळ लागला, कारण मातीच्या रंगाने त्यांना बराच काळ गुंतवून ठेवले होते.

साहजिकच आहे. रंगच आधी डोळ्यांत भरतो. आपण तिला काळी म्हणतो. तेलुगूतल्या ‘रेगडि’वरून तिला रेगूर हे नाव पडले, आणि तिच्यात कापूस उत्तम येतो म्हणून इंग्रजांनी तिला ब्लॅक कॉटन सॉइल म्हटले. सरकारी कृषी रसायनतज्ज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी 1898 मध्ये भारतातल्या मातींबद्दल लिहिले तेव्हा मुख्य गट चार होते : गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची. एवढ्या मोठ्या देशाच्या मातीची वाटणी चार खणांत!

रंग काळा, म्हणजे कुजलेला पालापाचोळा भरपूर असणार, असे कुणालाही वाटेल. रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानांत ‘चेर्नोझेम’ नावाची काळी माती आहे. तिच्यावर व्हासिली डोकुचायेव्ह यांनी 1883 मध्ये ग्रंथ लिहिला आणि मृदाशास्त्र या विषयाचा पायाच घातला. चेर्नोझेम खरोखरच कुजलेल्या गवतामुळे काळी आहे. मग आपली काळीही तशीच असेल?

प्रयोगशाळेत तपासले तर भलतेच निघते. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी असतो. मग एवढा गडद रंग कुठून आला? मातीचे कण कमालीचे बारीक आहेत, आणि जो थोडाफार कुजका अंश आहे तो या कणांना घट्ट बिलगून बसला आहे. बादलीभर पाणी रंगवायला निळीचे चार थेंब पुरतात, तसे हे आहे.

आणखी एक गंमत. मातीचा रंग सांगायला शास्त्रज्ञ एक चोपडी वापरतात. तिच्यात रंगांच्या छोट्या छोट्या चौकटी डकवलेल्या असतात. मातीचे ढेकूळ जरासे ओले करायचे, चौकटींशेजारी धरायचे आणि जुळणाऱ्या रंगाचा क्रमांक लिहायचा. ही पद्धत बसवली अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने. चित्रकलेच्या मास्तरांची युक्ती मृदाशास्त्राच्या झोळीत कायमची जाऊन पडली! या चोपडीत आपली काळी माती बऱ्याचदा ‘10 वायआर 3/1’ किंवा ‘3/2’ या चौकटींवर जुळते. चोपडी त्यांना काय म्हणते? अतिगडद करडा, अतिगडद करडा-तपकिरी. जिच्या नावातच काळा रंग आहे, ती माती मोजून पाहिली तर बहुतेक वेळा काळीसुद्धा भरत नाही.

मग तिची खरी ओळख कशात आहे? त्यासाठी फार मागे जावे लागेल.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. शंकूच्या टोकातून उडणारा नव्हे, दुधासारखा उतू जाऊन मैलोनमैल पसरणारा लाव्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्या याच थरांच्या कडा. त्या पायऱ्यांसारख्या दिसतात म्हणून स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. आज हा दख्खनचा ट्रॅप सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तो हाच. किल्ल्यांचे बुरूज त्याचे, हेमाडपंती देवळे त्याची, घरातला पाटा-वरवंटाही त्याचाच.

या दगडात एक गोष्ट जवळजवळ नाही : गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. ग्रॅनाइट झिजला की त्यातली गारगोटी शिल्लक राहते, कारण ती सहसा विरघळत नाही. नदीतली पांढरी वाळू म्हणजे बरीचशी तीच. बेसॉल्टमधली खनिजे मात्र पाणी आणि हवा लागली की हळूहळू रूप बदलतात. त्यांच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सिलिका सुटे होतात आणि त्यांतून नवी, अतिसूक्ष्म खनिजे घडतात. दगड झिजून रेती उरत नाही, चिकण उरते. पाट्या-वरवंट्याचा दगड आणि पायाला चिकटणारा चिखल एकाच घराण्यातले आहेत!

पण थांबा. महाबळेश्वरचा दगडही बेसॉल्टच आहे, आणि तिथली माती तर तांबडीलाल आहे. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, माणदेशाकडे उतरले की काळी रानेही दिसू लागतात. दगड एक, माती दोन. हे कसे?

पाण्यामुळे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी दगडातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेते आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरते. लोह गंजते, माती लाल होते, कालांतराने जांभा बनतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाणी कमी. तिथे उतारावरून निघालेले क्षार खालच्या सपाट जागी साचून राहतात. साचलेल्या त्या सामग्रीतूनच काळ्या मातीचे खास खनिज घडते. एकाच पिठाची धिरडी आणि थालीपिठे व्हावीत, तसा हा प्रकार. फरक पाण्याचा आणि तव्यावर ठेवलेल्या वेळेचा.

या खनिजाचे नाव स्मेक्टाइट. काळ्या मातीची सगळी जादू त्याच्यात आहे.

स्मेक्टाइटचा एक पापुद्रा कसा असतो? पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. वर सिलिकाचा थर, खाली सिलिकाचा थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचे पुरण. या अख्ख्या पोळीची जाडी सुमारे एक नॅनोमीटर. वहीचा साधा कागद दशांश मिलिमीटर जाड धरला तर त्या जाडीत अशा एक लाख पोळ्या मावतील!

आता अशा पोळ्यांची चळत रचा. गंमत दोन पोळ्यांच्या मधल्या फटीत आहे. पुरणात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे पोळीवर थोडा ऋण विद्युतभार येतो. तो भार फिटावा म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे धनभारित कण फटीत येऊन बसतात. पिकाला लागणारे अन्न ते हेच, आणि ते पावसाने सहजी धुपून जात नाही. या कणांना पाणी फार प्रिय. पाऊस आला की ते पाण्याला आत ओढून घेतात, फट रुंदावते, चळत फुगते. ऊन पडले की पाणी जाते, फट मिटते, चळत आकसते.

कोकणातल्या लाल मातीत बहुतांशी केओलिनाइट नावाचे दुसरे खनिज असते. त्याचे पापुद्रे एकमेकांना असे घट्ट धरून असतात की मध्ये पाण्याला शिरकावच नाही. म्हणून लाल माती भिजते, पण फुगत नाही. अन्नकण धरून ठेवण्याची स्मेक्टाइटची ताकद केओलिनाइटच्या कितीतरी पट, ढोबळमानाने दहापट आहे.

आता एक आकडा ऐका. शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सातशे ते आठशे चौरस मीटर भरते. कबड्डीचे एक मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, म्हणजे 130 चौरस मीटर. एका ग्रॅम स्मेक्टाइटमध्ये जवळजवळ सहा कबड्डीची मैदाने घडी घालून ठेवली आहेत! पाणी धरायला, अन्न धरायला एवढी जागा. जमिनीचा कस म्हणतो तो कुठून येतो, हे इथे दिसते.

हे सगळे डोळ्यांना दिसत नाही, मग शास्त्रज्ञांना कळले कसे? युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली युक्ती तुम्ही घरी पाहिलेली आहे. गढूळ पाणी कळशीत ठेवले की रेती आधी बसते, गाळ मग आणि चिकण सगळ्यांत शेवटी. जेवढा कण बारीक तेवढा तो सावकाश बसतो. चिकण म्हणजे दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाहून बारीक कण. पाण्याचे तापमान 20 अंश असेल तर दोन मायक्रॉनच्या कणाला फक्त दहा सेंटिमीटर खाली उतरायला सुमारे आठ तास लागतात. म्हणून प्रयोगशाळेत माती पाण्यात ढवळून ठेवतात आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून थोडे पाणी काढून घेतात. तेवढ्या वेळात जे कण तिथून खाली गेलेले नाहीत, ते चिकण. घड्याळ लावून मातीची गाळणी!

दुसरी युक्ती आणखी सुंदर. या चिकणावर क्ष-किरण सोडतात. किरण पापुद्र्यांवरून ज्या कोनात परततात त्यावरून दोन पापुद्र्यांतले अंतर, एका पापुद्र्याची जाडी धरून, कळते. नुसते हवेत सुकवलेले स्मेक्टाइट सुमारे 1.4 नॅनोमीटर दाखवते. त्याला ग्लायकॉल या द्रवाची वाफ दिली की अंतर 1.7 होते. पोटॅशियम भरून 550 अंशांपर्यंत तापवले की 1.0 वर येते. फुगले, मग मिटले. वैशाख आणि श्रावण शेतात जे करतात, तेच इथे नॅनोमीटरमध्ये मोजून दिसते.

पण मातीची जात नुसत्या प्रयोगशाळेत ठरत नाही. त्यासाठी खड्ड्यात उतरावे लागते. मृदा सर्वेक्षण करणारा माणूस शेतात दीड-दोन मीटर खोल, माणूस उभा राहील एवढा खड्डा घेतो, उन्हाची बाजू निवडतो आणि त्या भिंतीसमोर बसून ती वाचतो. वरचा वीतभर थर नांगराने हललेला. खाली गच्च काळा थर. त्यात कुठे कुठे चुनखडीचे पांढरे खडे. त्यांच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. सगळ्यांत तळाशी मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेला बेसॉल्ट.

आणि मधल्या काळ्या थरात, साधारण गुडघाभर खोलीखाली, सुरीचे टोक घालून ढेकूळ उपटले की एक नवल दिसते. ढेकळाची बाजू चकाकते! कुणी हाताने घोटून काढावी तशी गुळगुळीत, तिच्यावर बारीक समांतर ओरखडे. याला स्लिकनसाइड म्हणतात. जमिनीच्या पोटात, जिथे ना नांगर पोहोचत ना प्रकाश, तिथे हे घोटकाम कुणी केले?

मातीनेच. गच्च भरलेल्या एसटीत सगळ्या उभ्या प्रवाशांनी एकाच क्षणी दंड फुगवले तर काय होईल? बाजूला सरकायला जागा नाही, कारण शेजारीही फुगतो आहे. मग कुणीतरी तिरपा वर उचलला जाईल. खोलवरच्या मातीचे तसेच होते. चहूबाजूंनी दाब येतो, वर मातीचे ओझे असते, आणि शेवटी मातीचे ठोकळे तिरप्या रेषेत एकमेकांवरून घसरतात. घसरताना घासतात, घासताना घोटले जातात. असे हजारो पावसाळे झाले की ढेकळांना लाकडाच्या पाचरीसारखा आकार येतो आणि त्यांच्या अंगावर ही चकाकी. ज्या हालचालीचा वर भेगेच्या रूपात पुरावा दिसतो, तिची सही खाली अंधारात अशी उमटलेली असते.

इथे वर्गीकरणाची गोष्ट सुरू होते. अमेरिकेत गाय स्मिथ यांच्या पुढाकाराने जगातल्या सगळ्या मातींसाठी एक पद्धत तयार झाली. तिचे सातवे प्रारूप 1960 मध्ये आले आणि पक्का ग्रंथ 1975 मध्ये. आज तिच्यात बारा गण आहेत. पृथ्वीवरची कोणतीही माती या बारांपैकी एकात बसते. काळ्या मातीच्या गणाचे नाव ठेवले व्हर्टिसॉल. लॅटिनमधल्या ‘उलटणे, फिरवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. उलटणारी माती!

या गणात यायच्या मुख्य अटी पाहा. अर्ध्या मीटर खोलीपर्यंत सगळीकडे निदान 30 टक्के चिकण हवे. वेळोवेळी उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा हव्यात. आणि वरच्या मीटरभरात निदान 25 सेंटिमीटर जाडीचा थर असा हवा, की त्यात स्लिकनसाइड किंवा तिरप्या पाचरी आहेत. अटी पुन्हा वाचा. रंगाचा उल्लेख कुठे आहे? कुठेच नाही. माती तपकिरी असो, करडी असो, हलत असेल तर ती या घरची. लेदर यांच्या चार खणांपासून इथवरचा प्रवास एका वाक्यात सांगायचा तर माती कशी दिसते यावरून माती काय करते याकडे.

पूर्ण नाव तर आडनावापासून वाचायचे असते. ‘टिपिक हॅप्लस्टर्ट’ घ्या. शेवटचा ‘अर्ट’ सांगतो, गण व्हर्टिसॉल. त्याआधीचा ‘अस्ट’ सांगतो, पाऊस मोजका आणि ऋतूपुरता. ‘हॅप्ल’ म्हणजे साधा, कसलीही जास्तीची खूण नसलेला. ‘टिपिक’ म्हणजे आपल्या गटाचा नमुनेदार प्रतिनिधी. पुढे ‘स्मेक्टिटिक’ लागले की खनिज कळले. ‘हायपरथर्मिक’ लागले की अर्धा मीटर खाली मातीचे वार्षिक सरासरी तापमान 22 अंश किंवा जास्त आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात सहा अंश किंवा त्याहून अधिक फरक, हेही कळले. एका नावात चिकण, पाऊस, खनिज, ऊन सगळे आले. पत्रावर लिहिलेल्या पत्त्यासारखे : राज्य, जिल्हा, तालुका, गल्ली.

आणि सगळ्यांत शेवटचे, घराचे नाव कोणते? तिथे गाव येते. एका विशिष्ट मातीला ती जिथे प्रथम नीट वर्णिली गेली त्या गावाचे नाव देतात. नागपुरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. त्यांच्या नोंदींत नागपूर जिल्ह्यातल्या खोल काळ्या मातीची एक मालिका ‘लिंगा’ या नावाने आहे. लॅटिन-ग्रीक नावांच्या लांबलचक शिडीवरून उतरत आलात की शेवटच्या पायरीवर आपल्याच भागातले एक गाव उभे असते!

गंमत म्हणजे आपल्या शेतकऱ्याने हे वर्गीकरण निराळ्या शब्दांत केलेलेच होते. माळावरची हलकी, मुरमाड, बरड. उतारावरची मध्यम. खोलगटातली भारी. शास्त्रज्ञ त्याच उतारावरून खड्डे घेत खाली येतात, तेव्हा माथ्यावर त्यांना सहसा एंटिसॉल सापडते, म्हणजे नुकती घडू लागलेली उथळ माती. मध्ये इन्सेप्टिसॉल, म्हणजे घडण्याच्या वाटेवरची. आणि तळाला व्हर्टिसॉल. बरड, मध्यम, भारी. बैलाच्या पावलांनी आणि क्ष-किरणांनी गाठलेली उत्तरे मोठ्या प्रमाणात जुळतात.

तरी शास्त्राने एका जागी सगळ्यांनाच चकित केले. ‘उलटणारी माती’ हे नाव ठेवताना कल्पना अशी होती की वरची माती भेगांत पडते, पावसात फुगल्यावर तिला जागा पुरत नाही, मग खालची माती वर ढकलली जाते, आणि असे दरवर्षी होत होत अख्खी जमीन ढवळून निघते. तसे असेल तर वरची आणि खालची माती सारख्याच वयाची निघायला हवी. पण किरणोत्सारी कार्बनने मोजले तर खोलीबरोबर वय वाढत जाते. नागपूरच्या ब्यूरोतले डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या काळ्या मातीत आणखी पुरावा शोधला : बारीक चिकण पाण्याबरोबर वरून खाली सरकत जाऊन साठते. सारखे ढवळले जात असते तर ते साठले नसते. म्हणजे माती हलते, घासते, फुगते. पण पूर्ण उलटत नाही. नाव राहिले, अर्थ मात्र सुधारला. मला शास्त्राची ही रीत फार मोठी वाटते. नाव ठेवणाऱ्यांचा मान राखून खड्ड्यातली माती जे सांगेल ते मान्य करायचे.

याच शास्त्रज्ञांनी दुसरा एक प्रश्न विचारला. आजच्या कोरड्या हवेत एवढे स्मेक्टाइट तयार होणे अवघड. मग हे आले कुठून? उत्तर असे, की ते बरेचसे पूर्वीच्या, जास्त ओलसर हवामानात घडले आणि वाहत येऊन खोऱ्यांत साचले. आज आपण ज्या रानात ज्वारी पेरतो ते एका संपलेल्या पावसाळी युगाचे देणे आहे. दुष्काळी तालुक्यांच्या पायाखाली जुन्या पावसाची ठेव पुरलेली आहे!

आणि ती ठेव आजही कामाला येते. भारी जमिनीचा एक मीटर जाडीचा थर पिकाला उपयोगी पडेल असे दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी धरून ठेवू शकतो. सोलापूरकडे पाऊस संपल्यावर ज्वारी पेरतात. मंगळवेढ्याची मालदांडी थंडीत उभी राहते, कणसाला येते, आणि कित्येकदा तिला वरून पाण्याचा थेंब मिळत नाही. ती जमिनीत मुरलेला पावसाळा पीत असते. मग शेतकरी कोळपणी का करतो हेही उलगडते. तणासाठी तर खरेच, पण त्याहून मोठे काम भेगा बुजवण्याचे. कोळप्याने वरची माती भुसभुशीत केली की भेगांची तोंडे बंद होतात आणि खालची ओल उडून जात नाही.

पाण्याशी या मातीचे वागणे विलक्षण आहे. मृगाचा पहिला पाऊस भेगांतून थेट मीटरभर खाली उतरतो. पण भेगा मिटल्या की तीच जमीन तोंड घट्ट मिटून घेते, पाणी वर तुंबते, रान चिबडते. वाळली तर दगड, भिजली तर गोंद. मध्ये थोडेच दिवस असे, जेव्हा ती औताला हवी तशी असते. त्या अवस्थेला मराठीत एकच नेमका शब्द आहे : वाफसा. काळ्या जमिनीत राबणाऱ्या माणसांनीच असा शब्द जपावा, यात नवल नाही.

घरे बांधणाऱ्यांना मात्र ही माती घाम फोडते. भिंतींना तिरप्या चिरा जातात, फरश्या उचलतात, रस्ते लाटांसारखे होतात. मातीला थांबवता येत नाही, तेव्हा अभियंते तिच्याशी जुळवून घेतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले. ओल ऋतूप्रमाणे बदलत नाही अशा खोलीवर ते पाय रोवतात. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी वर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन खालच्या काळीला शांत ठेवण्याची पद्धत दिली, आणि ती कालव्यांसाठी वापरली गेली. आपल्या जुन्या बोलीतही काळी-पांढरी असा भेद आहेच. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. धाब्याच्या छतावर पसरायची ती पांढरी माती, काळी नव्हे.

या शक्तिमान मातीला एक दुखणेही आहे. पापुद्र्यांच्या फटींत कॅल्शियम आहे तोवर कण एकमेकांना धरून राहतात. जादा पाणी आणि खारे पाणी देत गेलो की कॅल्शियमच्या जागी सोडियम शिरते. मग कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते. याला आपण चोपण म्हणतो. पुस्तकांत फटींतल्या सोडियमचा वाटा 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण धरतात, पण काळीची तब्येत त्याच्या बरीच आधी बिघडू लागते. जिप्सम घातले की त्यातले कॅल्शियम सोडियमला बाहेर काढते. पण त्याला चांगला निचरा लागतो आणि वर्षे लागतात.

जगात व्हर्टिसॉल सुमारे 33 कोटी हेक्टरवर आहे, म्हणजे जवळजवळ एका भारताएवढे. सुदानात, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेच्या टेक्सासात ते आहे. पण त्यातला फार मोठा हिस्सा आपल्या वाट्याला आला आहे.

तुमच्याकडे अशी जमीन असेल तर एक प्रयोग करून पाहा. चाळलेली माती पाण्यात मळून कणकेसारखी करा. बोटाएवढी जाड वळी वळा आणि पट्टीने मोजून बरोबर दहा सेंटिमीटर ठेवा. सावलीत दोन-चार दिवस वाळू द्या आणि पुन्हा मोजा. साधारण साडेनऊच्या खाली आली तर फुगण्या-आकसण्याची ताकद भरपूर आहे, नऊच्या खाली गेली तर फारच मोठी. मुलांना सोबत बसवा आणि आकडा त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या. मग माती-परीक्षणाला नमुना द्याल तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सोडियमचाही आकडा मागा. दगडापासून इथवर यायला या मातीला जो काळ लागला तो आपल्याला पुन्हा मिळणार नाही.